पूर्वानुभव

रकाना सात : पूर्वानुभव.
एदुआर चापार्रो, वय एकोणतीस, बोयाकाच्या डोंगरातला,
दोन्ही डोळे गेलेले, डाव्या हाताची तीन बोटं शिल्लक.
मी लिहिलं : काही नाही.
सैन्यातली नऊ वर्षं या कागदात कुठे बसत नाहीत.

बोगोताच्या या कचेरीत अकरा वर्षं मी
जखमी शिपायांना काम मिळवून देते,
सोयरीक जुळवावी तशी.
आंधळ्यांसाठी माझ्याकडे दोनच स्थळं :
टेलिफोन, नाहीतर मालिश.
त्याने दोन्ही नाकारली.
"अनोळखी अंगाला हात लावायचा नाही मला.
आणि फोनवर सगळे खोटं हसतात."

मी कॉफीचा कप पुढे सरकवला.
त्याने नाकाशी नेला, परत ठेवला.
"पाणी दोनदा उकळलंय.
आणि हे भांडं कालपर्यंत कांद्याच्या सूपचं होतं."
आमच्या रुबिएलाने आधी शपथ घेतली,
मग जीभ चावली.

तेव्हा कुठे मी विचारलं,
नऊ वर्षं नक्की काय करत होतास?
"कुत्रीच्या मागून चालत होतो."
तुएर्का तिचं नाव. तुएर्का म्हणजे नट, बोल्टावर फिरवतात तो.
ती सुरुंग हुंगायची
आणि हा तिचं हुंगणं वाचायचा,
शेपटीचा ताण, श्वास कुठे अडतो ते.
सापडलं की भुंकायचं नाही, उकरायचं नाही.
नुसतं बसायचं.

"त्या दिवशी ती बसली नाही.
चूक तिची नव्हती. वारा पाठीवर होता.
मीच तसं चालवलं तिला."
पुढे तो बोलला नाही, मीही पेन उचललं नाही.

किंदीओला कॉफी चाखायला शिकवणारी शाळा आहे.
माझ्या तिसऱ्या पत्राला ते हो म्हणाले.
पहिल्याच आठवड्यात भट्टीत दाणे तडकले,
तड्, तड्तड्,
आणि एदुआर फरशीवर पालथा, हात डोक्यावर.
ओदिलियाबाईंनी भट्टी बंद केली नाही.
गुडघे दुखतात त्यांचे, तरी शेजारी बसल्या,
मोठ्याने मोजत राहिल्या :
हा पहिला तडका. अजून नव्वद. अजून साठ. आता काढायचे.
दुसऱ्या दिवशी तो स्वतः मोजत होता, घामाने निथळत.
तिसऱ्या दिवशी आलाच नाही.
चौथ्या दिवशी उशिरा आला, दारू पिऊन,
बाईंनी दारातूनच परत पाठवला :
"नाक धुऊन ये."

फुरका मारणं त्याला सगळ्यात जड गेलं.
घरी फुरका मारला की आई डोक्यात चमचा घालायची.

परीक्षेला मी गेले होते.
लांब टेबल, पंचवीस वाट्या,
त्यातल्या एकीत एकच कुजका दाणा मुद्दाम दळलेला.
बाकीचे चमचा, फुरका, थुंकी, पुढची वाटी.
हा टेबलाच्या कडेला तीन बोटं टेकत सरकला,
तेराव्या वाटीशी थबकला.
चमचा बुडवलाच नाही.
मागे खुर्ची आहे का तेही न चाचपता
खाली बसला.
फरशीवर, ताठ, गप्प, तोंड वाटीकडे.

परीक्षक म्हणाले, चक्कर आली याला, पाणी आणा.
मी म्हटलं, थांबा.
आधी ती वाटी बघा.

करार तीन महिन्यांचा. पगार टेलिफोनहून कमी.
त्याने एकच विचारलं :
चाखायच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे?

मी रकाना सात खोडला. नव्याने लिहिलं :
एका कुत्रीच्या हाताखाली नऊ वर्षं प्रशिक्षण.
फॉर्म वरून परत आलाय,
संस्थेचा शिक्का जोडा म्हणून.