वजन, वय किंवा महिना

सात वर्षांची होईपर्यंत मला खरंच वाटायचं
की ही जत्रा माझ्या वाढदिवसासाठी भरते.
वडीलच सांगायचे तसं, पिकअपच्या खिडकीतून
तो उंच पाळणा दाखवत: बघ, तुझ्यासाठी लावलाय.
मग शाळेत डोरीन म्हणाली, खुळी आहेस का,
ऑगस्टात मका आपला आपण वाढतो,
माणसांना काम नसतं, म्हणून भरते.
मला अजून दोन्ही कारणं पटतात.

आज अडुसष्ट.
व्हर्लिनने कुणाच्या तरी अंगणातल्या हिरवळीवर
दहा डॉलर देऊन गाडी लावली,
माझ्या हातात चाळीस ठेवले, मोजून,
आणि म्हणाला, आज हिशेब नको.

लोण्याची गाय काचेआड होती,
अख्ख्या आयोवात तेवढीच एक थंड जागा.
रांगेत आम्ही वीस मिनिटं उभे राहिलो
आणि अर्धं मिनिट पाहिलं.
हा म्हणाला, मागचा पाय चुकलाय.
हा दर वर्षी म्हणतो, मागचा पाय चुकलाय.

मग काडीला खोचून तळलेलं जे जे मिळालं ते खाल्लं.
माझ्या हनुवटीवरची मोहरी त्याने अंगठ्याने पुसली,
वासराचं तोंड पुसतात तशी, जरा जोरातच.
पाळण्यात बसलो नाही. गुडघे.

गोठ्यांकडे जायचं नाही असं ठरलं होतं.
कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलं होतं.
एप्रिलात आमच्या बेचाळीस गेल्या, दोन ट्रकांतून,
आणि त्या दिवशी जेवताना हा फक्त
मीठ दे, एवढंच बोलला.

मी गोधड्यांच्या दालनातून बाहेर आले,
दोन्ही हातांत लिंबाचं सरबत,
आणि हा बाकावर नव्हता.
शोधावं लागलं नाही.

तपकिरी जर्सीच्या पोटाला टेकून
एक पोरगा झोपला होता, टोपी तोंडावर.
आणि माझा नवरा, ज्याला मोजे घालायला खुर्ची लागते,
गवतात उकिडवा बसला होता,
बाही वर सरकवून.
ती त्याचं मनगट चाटत होती.
घामाच्या मिठासाठी चाटतात, त्याला माहीत आहे,
माझ्याहून जास्त माहीत आहे.
रडत वगैरे नव्हता.
दूध किती देते, हे तो
त्या झोपलेल्या पोराला विचारत होता.

मी दारात थांबले. बर्फ वितळला.
माझा वाढदिवस, आणि माझा नंबर गाईनंतर.
रागाने मी माझं सरबत प्यायले,
मग त्याचंही.

संध्याकाळी भोंग्यावर एक माणूस ओरडत होता:
वजन, वय किंवा महिना! चुकलो तर बक्षीस!
व्हर्लिनने पाच डॉलर काढले. वय, म्हणाला.
तो माणूस माझ्याभोवती फिरला,
लिलावात जनावराभोवती फिरतात तसा,
मान पाहिली, चपला पाहिल्या,
मग हात. हातांवर बराच वेळ थांबला,
आणि पाटीवर लिहिलं: चौऱ्याहत्तर.

लोक हसले. व्हर्लिन हसला नाही.
पुन्हा बघ, म्हणाला, नीट बघ,
आणि ऐकू कमी येतं म्हणून इतक्या मोठ्याने
की पलीकडे बंदुकीने फुगे फोडणारी पोरं थांबली.
मी त्याची बाही ओढली.
अरे, आपण जिंकलोय.
आणि त्या माणसाचंही फार चुकलं नव्हतं.
पहाटे चारचं गार पाणी, सडं, बादल्या,
त्या सहा वर्षांत हे हात एकटेच पुढे निघून गेले.

बक्षीस म्हणून जांभळा ऑक्टोपस मिळाला.
व्हर्लिनने तो गाडीपर्यंत काखेत आणला,
आमच्या दोघांच्या मध्ये बसवला,
पट्टा लावला.
बराच रस्ता गेल्यावर, दोन्ही बाजूंना काळा मका,
दिव्यांत फक्त किडे,
याने एका हाताने त्याचे पाय चाचपले,
एकेक करून, घाई न करता,
आणि विचारलं,
यातला मागचा कुठला गं?