बिनमुहूर्ताचे महिने

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
माझा प्रवास ओट्यापासून गडग्यापर्यंत.
मोजला एकदा : एक्कावन्न पावलं,
काठी घेतली तर साठ.
फिजिओथेरपीची पोरगी पौडहून येते,
उचला, ठेवा, म्हणते. उचला. ठेवा.
दुखलं तरी ठेवा.

गडग्यापलीकडे दस्तगीर मुजावरच्या घोड्या.
चार घोड्या आणि एक शिंगरू.

मे महिन्यात यांना उसंत नसते.
पिरंगुटपासून पार कोथरूडपर्यंत
कुणाकुणाच्या वराती यांच्या पाठीवरून गेल्या,
जनरेटरच्या धुरातून, फटाक्यांच्या माळांतून,
वर घामेजलेला नवरदेव
आणि त्याच्या पुढ्यात रडवेला भाचा.
आता देव झोपलेत.
तुळशीचं लग्न लागेतो
कुणी बोहल्यावर चढायचं नाही,
म्हणून या रिकाम्या,
ओल्या गवतात नाक खुपसून.

शेवंतीच्या शेपटीत अजून एक जरीचा धागा आहे.
दस्तगीरनं दोनदा ओढून पाहिला, निघत नाही.
ऊन पडलं की तेवढाच चमकतो,
बाकी सगळी ती चिखलाची.

समोर डोंगर.
ढग पहाटेपासून त्याच्या मांडीवर बसलेला,
साडेनवाला उठतो.
तेव्हा मी धबधबे मोजते.
काल सात. आज पाच.
(दोन तुमच्या चष्म्यावरचे होते, सून म्हणते.)
त्यांना नावं नाहीत.
रस्त्यावरून दिसत नाहीत म्हणून गाड्या थांबत नाहीत,
कणसं भाजणारा नाही, फोटोला कठडा नाही.
मीच एकाला ‘फुटकी दुधाची पिशवी’ म्हणते,
एकाला ‘तिरळा’,
आणि पार डावीकडे, करवंदीच्या जाळीमागे
जो दोन दिवस येतो आणि तीन दिवस येत नाही
त्याला ‘आमचा प्लंबर’.

बहीण मनालीला जाऊन आली.
बर्फ पाठवला, स्वतः घोड्यावर बसलेली पाठवली,
अर्ध्या तासाचे सहाशे घेतले मेल्यानं, असं खाली.
मी तिला शिंगरू पाठवलं :
गडग्यावरून मान टाकून
माझ्या सुपातल्या, चटणीसाठी काढलेल्या
दोडक्याच्या शिरा खाताना.
खाली लिहिलं, फुकट.
चटणी राहिली ती राहिलीच.

मंगळवारी दुपारी मात्र
सर आली ती सरळ मुजावरांच्या पत्र्यावर.
आधी नुसती टिपरी,
मग थाप, मग अख्खा ताशा,
आणि डोंगरावरचे सगळे एकदम मोठ्यानं बोलू लागले.
शेवंतीनं मान वर केली.
कान पुढे.
उजवा पाय उचलला, ठेवला.
डावा उचलला.
पाठीवर कुणी नाही, पुढे बॅन्ड नाही,
नोटा ओवाळणारे मामा नाहीत,
चिखलात थप्प, थप्प,
ती नाचत होती.
बाकीच्या तिघी चरत राहिल्या,
हिला ओळखतच नसल्यासारख्या.

दस्तगीर गोणपाट डोक्यावर घेऊन बाहेर आला.
वाटलं, हसेल. किंवा ‘ए, बास’ म्हणेल.
नुसता उभा राहिला.
मग म्हणाला, मावशी,
हिला शिकवताना अब्बांच्या हातात छडी असायची.
मी तेव्हा चौथीत.
मी तेलाचा डबा वाजवायचो.

आम्ही दोघं काही बोललो नाही.
पत्रा वाजत होता.
त्यानं एकदा हात पुढे केला
तिच्या मानेवर ठेवायला,
पण ती मधेच होती कुठेतरी,
म्हणून परत घेतला.

सर सरली तशी तीही थांबली.
अंग झाडलं. जरीचा धागा
होता तिथेच.
लगेच चरायला लागली,
जसं काही झालंच नव्हतं.

मी खाली पाहिलं तर
माझ्या चपलेभोवती चिखल चांगलाच तुडवलेला,
आणि काठी गडग्याला टेकून ठेवलेली.
कधी ठेवली, कुणास ठाऊक.

डावीकडे पाहिलं.
प्लंबर आला होता.