फॉल-पिको

वडगावात मागांच्या खडखडाटात बोलायचं तर
ओरडावं लागतं, नाहीतर ओठ वाचावे लागतात.
भरमूकाका दोन्ही करत नाही.
मशीन थांबवतो, दोरा दातानं तोडतो, ऐकतो.

पाटीवर वर कन्नड, खाली मराठी:
साडीला फॉल-पिको करून मिळेल.
बावीस वर्षं आग्र्यात पॅराशूटच्या घड्या घातलेला माणूस
पेन्शन घेऊन आला आणि फॉल लावायला बसला,
यावर गल्लीनं एकदाच विनोद केला.
पुरला सगळ्यांना.

मी आईची इरकल नेली होती, निमित्ताला.
पिशवीत तिच्याखाली म्हैसूरचा फॉर्म: दहा हजार फूट,
पाठीला बांधलेला एक शिकवणारा,
आणि सहीच्या वर सात ओळी बारीक अक्षरांत
की मेले तर कुणाला विचारायचं नाही.

पोटात गोळा येतो का, काका?
"जत्रेतल्या पाळण्यात येतो. तिथं नाही.
विमान आधीच पळत असतंय की,
तू त्याच्या वेगातनंच बाहेर पडतेस.
वारा अंगाखाली येऊन बसतो, गादीगत."

श्वास घेता येतो?
"येतो. ओरडलीस तर आणि बरा येतो."

वेग किती?
"दहा-बारा सेकंदांत ताशी दोनशे. पुढं वाढत नाही,
हवाच म्हणते, पुरे गा."
मग चष्मा पुसत, जरा खालच्या आवाजात:
"हे ऐकलेलं सांगितलं. आमच्या उड्या बाराशे फुटांवरनं,
दोरी विमानाला बांधलेली.
मोकळं पडणं मला ठाऊक नाही."

वरून सीमा दिसत असेल ना, मी म्हटलं.
आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत चहाला हाच विषय असतो.
"पाट्या वाचता येत नाहीत वरनं.
धूर कुठं वाकलाय तेवढं बघायचं.
वाऱ्याकडं तोंड करून उतरायचं, पाय जुळवून."

आणि उघडलंच नाही तर?

त्यानं आईची साडी फरशीवर लांब अंथरली.
हाताच्या कडेनं एक सुरकुती बाहेर काढली,
जी मला दिसलीच नव्हती.
"दुसरं असतंय. त्याची घडी घालणारा वेगळा, परवानेवाला.
तुला शुद्ध नसली तरी एक डबी असते, उंची मोजते,
आपण होऊन उघडते."

तरीही?

"आमच्यात एक रीत होती. महिन्यातनं एकदा
घडी घालणाऱ्यांनाच ओळीत उभं करायचे.
साहेब बोट दाखवायचा: ते उचल. ते आपलंच.
कुठल्या मंगळवारचं, काय ठाऊक.
त्या दिवशी घरचं पत्र आलं असेल,
मेसमध्ये भांडण झालं असेल.
दारातनं बाहेर पडलो की मोजायचं. हुकूम हिंदीत मोजायचा.
मी मनात ओंदु साविर, एरडु साविर...
आजोळ गोकाकचं. आकडे तिथंच शिकलो.
मूरु साविरला खांदे वर खेचले जायचे.
दर वेळी."

मला वाटलं, संपलं.
त्यानं सुई उजेडाकडं धरली. दोरा ओवेना.

"एकदा एका पोराचं नाही उघडलं.
दुसऱ्यावर उतरला, पाय मोडला, जगला.
आता ट्रक चालवतोय कुठंतरी.
पण ते खाली येत होतं तेव्हा
सगळे मैदानाकडं पळाले.
मी रजिस्टरकडं पळालो.
सही कुणाची आहे बघायला."

माग चालूच होते.
मी विचारलं नाही, कुणाची होती.
त्यानंही सांगितलं नाही.

"शनिवारी ये. साठ रुपये."

शनिवारी साडी घरी आणली, उलटी करून बघितली.
टाके असे, की मोजावेत तर डोळे दुखतील.
आणि फॉलच्या आतल्या कडेला, निऱ्यांत लपेल अशा जागी,
पेन्सिलीनं तारीख,
आणि खाली: भ. धामणेकर.

फॉर्म अजून पिशवीतच आहे.
आई म्हणाली, हे धुतल्यावर जाईल ना गं?