बेत

रात्रीचे पावणेअकरा. सूर्य अजून
बंदरावरच्या क्रेनला टेकून उभा,
घरी जायचं नाव नाही.
मुलांच्या खिडकीला काळा पडदा, कडा चिकटपट्टीनं बंद,
तरी आस्लाकनं आतून विचारलंच, "रात्र झाली का?"
झाली, म्हटलं.
वार्डोत जूनमध्ये रात्र
आईनं सांगितली की होते.

पलंगाखालची पेटी ओढली.
सगळी एखाद्या दिवशीची कापडं:
नणंदेनं दिलेला ठिपक्यांचा तुकडा, एका बाहीपुरता,
कॉफी सांडलेला टेबलक्लॉथ, डाग टाळून कापू म्हणून ठेवलेला,
आणि तळाशी अडीच मीटर हिरवं लिनन,
त्रोन्दहाइमला घेतलेलं, सात वर्षांपूर्वी,
पावती अजून घडीत.
घेणारी बाई बारीक होती. तिला रविवारी वेळ असायचा.
बेत तिनं केला.
बेतायचं माझ्यावर आलं.

पॅटर्नच्या कागदावर, छातीच्या डाव्या तुकड्यावर,
मेणखडूनं काढलेला पाय असलेला मासा.
त्याच्या शेपटीवरूनच कातर चालवली.
मापाची टेप सहाच्या आकड्यापासून सुरू होते.
आधीचे सहा सेंटिमीटर कुणी कापले
ते मारितला ठाऊक आहे,
पण ती दोन वर्षांची आहे, नावं सांगत नाही.

सोमवारी खांदे जोडले.
मंगळवारी काही नाही. मंगळवारी उलट्या, आधी एकाच्या, मग दुसरीच्या.
बुधवारी बटाटे उकडेपर्यंत एक बाजू,
त्याआधी प्रयोगशाळेतून घरी येताना लक्षात आलं
की दिवसभर कॉड तपासताना
माझ्या स्वेटरला सुई टोचलेली होती, हिरव्या दोऱ्यासकट.
कुणी काही बोललं नाही.
ईव्हार बोटीवरून फोनवर म्हणाला, "विकत मिळतात की."
मिळतात.
मी बॉबीन भरत राहिले.

त्या रात्री साडेअकराला दारावर टकटक.
खालच्या मजल्यावरच्या हाल्दिसबाई, झोपायच्या गाऊनमध्ये.
मी माफीचं वाक्य तोंडात तयार ठेवलं.
त्या म्हणाल्या, "दोऱ्याचा ताण जास्त आहे. खाली ऐकू येतंय."
चाळीस वर्षं मासेमारीची जाळी सांधली त्यांनी.
मशीनचा स्क्रू अर्धा आटा ढिला केला,
चिंधीवर एक शिवण घालून पाहिली,
डोळ्यांनी नाही, कान देऊन,
आणि कॉफी नको म्हणत जिना उतरल्या.

ड्रेस घालून पाहिला तेव्हा कळलं,
सहा वजा करायचे राहिले.
कमरेत ओंजळभर हवा जास्त.
उसवायला घेतलं. सुईचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलंसुद्धा.
मग आरशातल्या बाईला खुर्चीवर बसवून पाहिलं,
वाकवून पाहिलं,
झोपलेल्या मारितला तिच्या कडेवर देऊन पाहिलं.
राहू दिलं.

गुरुवारी उन्हाळा आला. एकोणीस अंश.
बालवाडीच्या कुंपणावर कोटच कोट,
आणि गावभर पांढरेफटक दंड, एकमेकांना ओळख दाखवत.
माझ्या घेराला अजून टाचण्याच,
चालताना एखादी पोटरीला आठवण करून देई.
खिसे मात्र दोन, खोल, हट्टानं लावलेले.
दुपारपर्यंत त्यांत खेकड्याची नांगी, अर्धं बिस्किट,
एक ओला मोजा,
आणि आस्लाकचा दगड. "सांभाळ हं, गरम आहे तो."
डावी बाजू दोन बोटं खाली ओढली गेली.

तीन वाजता समुद्रावरून धुकं चढलं, क्रेन दिसेनाशी झाली.
कुंपण रिकामं झालं.
मी ईव्हारचा पिवळा रेनकोट वरून चढवला, गुडघ्यापर्यंत,
आणि निघालो आम्ही तिघं,
कोटाखाली वीतभर हिरवं.