ढब्बूला नीळ

पहाटे चारला पाणी तापत ठेवलं,
चुलाण्यावर, तेलाच्या रिकाम्या डब्यात.
लष्करात धुकं असं, की समोरचा किल्ला
कुणी रात्रीतून उचलून नेला असावा.
रमजानीचाचा म्हणाले, आधी पाय.
तोंड आधी धुतलं की घोडा उगाच खूश होतो
आणि मग पाय देत नाही.

याचे पाय म्हणजे पाय नव्हेत, झोळ्या.
गुडघ्यापासून खुरापर्यंत पांढरी झालर,
तिच्यात आठवड्याचं सगळं अडकलेलं:
कुसळं, गोखरू, मोरारच्या लग्नातली एक टिकली,
गुलाबाची पाकळी, काळी पडलेली.
मी गुडघे टेकून बसले,
रिठ्याचा फेस कोपरापर्यंत,
आणि तो माझ्या बोटभर वाढलेल्या केसांवर
श्वास सोडत राहिला, चण्याच्या वासाचा.

नीळ ही माझी कल्पना.
आई आजोबांच्या धोतरांना द्यायची तशी,
बादलीत चार थेंब.
चाचा लाकडाचा भुसा आणायला गेले
आणि इकडे माझा हात सैल सुटला.
तीन पाय धुतल्या तांदळासारखे.
डावा मागचा थेट श्रीकृष्णाचा.

कागदावर याची जात कॉब लिहिलीय.
मेजर घोरपड्यांनी विकताना बजावलं होतं,
बुटका म्हणायचं नाही, गोटीबंद म्हणायचं.
आखूड पाठ, रुंद छाती, पुठ्ठे कोहळ्यासारखे.
मेळ्याच्या फॉर्मवर चौकटी होत्या:
मारवाडी. काठियावाडी. आणि सगळ्यात खाली, इतर.
मी इतरवर खूण केली.
ग्वाल्हेरात मातृभाषेच्या रकान्यापुढे
तीच करत आलेय, हात आपोआप खाली जातो.

आयाळ ठेवायची की उतरवायची,
यावर तीन दिवस वाद झाला.
कॉबची मान मुंडलेलीच शोभते, चाचा म्हणत,
अब्बा कात्रीनं अशी उतरवायचे
की मान कमानीसारखी उठून दिसे.
मी म्हटलं, थंडी आहे.
थंडी हे कारण नव्हतं.
चाचांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं
आणि कात्री फडक्यात गुंडाळून ठेवली.

मग खरारा. मग गोणपाट.
मग जुन्या चंदेरीचा तुकडा, केसांच्या ओढीनं,
दर हाताला नवा तजेला येईपर्यंत.
खुरांना मोहरीचं तेल,
नाकपुड्यांना तुपाचं बोट.

दहाला मैदानात.
मारवाडी घोडे कानांची टोकं जुळवून,
नाकापुढे आपल्या नावाचा जयघोष चालल्यासारखे.
आमचा चौरस उभा. पाटासारखा.
परीक्षकांनी पांढरा रुमाल पाठीवरून फिरवला,
निरखला, घडी घालून खिशात ठेवला.
डाव्या पायाशी जरा जास्त वेळ थांबले.
म्हणाले, चालवून दाखवा.

आणि नेमका पाळण्यांच्या पलीकडे
कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाचा बँड वाजला.

ढब्बूनं मान उचलली.
लग्नसराईत चाचा नेतात त्याला, तो विसरेल कसा?
दहा पावलं टाकली. थांबला.
लोक नाचून घेईपर्यंत थांबायचं असतं.
पुन्हा दहा पावलं. पुन्हा थांबला.
पाठ अशी सांभाळून, की वर नवरा बसलाय
आणि त्याचा फेटा सैल आहे.
मी लगाम ओढला, लगामानं मला ओढलं.
कुंपणाशी चाचा टोपी तोंडावर धरून गदगदत होते.
परीक्षकही थांबत गेले दर दहा पावलांना,
हात मागे बांधून, व्याह्यांसारखे.

इतरांत तीन घोडे होते.
आमचा तिसरा आला.

घरी झूल काढेपर्यंतही धीर नव्हता त्याला,
चुलाण्याच्या राखेत लोळला,
चारी पाय आभाळाला दाखवत.
पुढच्या साली तरी आयाळ? चाचांनी विचारलं.
मी म्हटलं, घोडामैदान अजून लांब आहे, चाचा,
आणि बादली उपडी केली.
तळाशी थोडी नीळ उरली होती.