ढील

दांडिया बाजारातल्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
मी बडोद्याच्या शिरा शोधल्या.
आदल्या रात्री नुसतं ताक पिऊन आलेले
मला चेहऱ्यावरून कळायचे.
"काका, रिपोर्ट चांगला येईल ना?"
मी कापूस दाबत म्हणायचो,
रक्ताला तीन महिन्यांचं आठवतं,
कालच्या ताकाला ते भुलत नाही.

मग एकदा माझंच नाव मी
माझ्याच अक्षरात बाटलीवर लिहिलं.

तेव्हापासून ओट्यावर वजनकाटा.
एका भाकरीचं पीठ चाळीस ग्रॅम.
बदाम सहा.
सातवा हाती आला तो डब्यात टाकताना
प्रमिलानं पाहिलं,
जणू चोरी करताना नव्हे,
चोरी परत करताना सापडलो.

मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात
स्टीलच्या डब्यातून मोडाचे मूग खाल्ले.
साखर उतरली, खरंच उतरली.
पण माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या
शेवटच्या पंगतीपर्यंत रिकाम्या होत्या,
हे वहीत लिहायला रकाना नव्हता.

आज उत्तरायण.
गच्चीवर हंसाबेनचं उंधियोचं पातेलं,
वर तेलाचा हिरवा तवंग,
जिलबीचा कागद पारदर्शक झालेला.
मी लांब, टाकीला टेकून,
फिरकी धरून.
पतंग प्रमिलाचा.
ती वाडीतली; बोटांना चिकटपट्ट्या,
चष्मा केसांत,
पदर खोचून अशी उभी
की बासष्टावं वर्ष तिला शोधत खालच्या मजल्यावर राहिलं असावं.

"ढील द्या."
मी देतो, वीतभर.
"अहो, ढील! मोजताय काय?"
मी हात सैल करतो.
फिरकी भणाणते, तळवा भाजतो,
पतंग तिकडे गोते खात जातो
आणि मला वाटतं, गेला,
सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून.
तेवढ्यात तिचं मनगट जरासं हलतं.
पतंग मान वर करतो.
"हं, आता गुंडाळा. सावकाश."

समोरच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, काप्यो!
आमचा नव्हता.

मग मी टाकीपासून उठलो.
कोनफळाच्या दोन फोडी, मेथीचा एक मुठिया,
आणि जिलबी. एक. अर्धी करून दोनदा नाही,
अख्खी, पाक मनगटापर्यंत येऊ देत.
हंसाबेन काही बोलल्या नाहीत,
फक्त शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

रात्री तीच भाकरी, तेच चाळीस ग्रॅम.
सकाळी कमाटीबागेत त्याच तीन फेऱ्या,
शिक्षा म्हणून चौथी नाही.

प्रमिलानं गच्चीवरचा गुंता गोळा करून आणला होता,
उद्या कबुतरांच्या पायात नको म्हणून.
टाकण्याआधी तिनं तो काट्यावर ठेवला.
एकशे बारा.
"लिहा," म्हणाली.

मी वही उघडली.
जिलबी, एक.
मांजा, एकशे बारा ग्रॅम.
तीन महिन्यांनी रक्ताला काय आठवेल,
बघू.