व्हरांड्यातला फळा

मी या शाळेवर बदलून आलो
तेव्हा व्हरांड्यातल्या फळ्यावर सुविचार असायचे,
सोमवारी सत्य, शनिवारी श्रम.
लेकरं तिकडं न बघता चपला काढायची.
एक दिवस मी सगळं पुसलं
आणि चौथीच्या पोरांना म्हणालो,
गावात काय झालं ते लिहा, पाळीपाळीनं.
खोटं लिहायचं नाही, एवढाच नियम.

पहिली बातमी आली:
ढगेमामांच्या म्हशीला रेडकू झालं. रेडकू काळं आहे.
मग येतच गेल्या.
डीपी जळाली, अभ्यास दिवसाच करा.
अंगणवाडीच्या दाराला रंग दिलाय, हात लावू नका.
(खाली पाच बोटं, निळी.)
तरन्नुमच्या अब्बांनी मशीन आणली,
दप्तर फाटलं असेल तर सांगा.
कयाधूला पाणी यायलंय,
पलीकडच्या वस्तीवरच्यांनी आज घरीच थांबावं.

या शेवटच्या बातमीनंतर मोठी माणसंही
सायकल टेकवून वाचू लागली.

शाळेची कामंसुद्धा अशीच वाटलेली.
रुळाच्या तुकड्यावर घंटा, खिचडीच्या ताटांची मोजणी,
कडुलिंबाच्या रोपांना तांब्या तांब्या पाणी.
आणि टाकीची तोटी सत्वशीलाकडं.

एका मंगळवारी सकाळी टाकी खडखडीत.
खालच्या चिखलात चिमण्या अंघोळ करत होत्या,
तेवढ्याच काय त्या खूश.
मी भाषण तयार केलं. पाण्याचं मोल,
शिस्त, वगैरे. घसा खाकरला.
व्हरांड्यात आलो तर पोरं फळ्याशी दाटलेली.
बातमीची पाळी होती प्रज्ञाशीलची.
खडू तिनं त्याच्याकडून मागून घेतला होता.

काल तोटी ऊघडी राहीली. रात्रभर पाणी गेलं.
तोटीचं काम माझं आहे. मी लगोरी खेळायला पळाले होते.
ज्यांनी बाटली आणली नाही त्यांनी माझ्या घरी या.
आमचा रांजण भरलेला आहे.
सत्वशीला पाईकराव, चौथी.

दोन चुका होत्या शुद्धलेखनाच्या.
मी खडू उचलला नाही.

मधल्या सुट्टीत एकतीस लेकरं
रांगेनं पाईकरावांच्या दारात.
पिठाचे हात घेऊन आई बाहेर आली,
"काहून गं, अख्खी शाळा आणलीस?"
पोरीनं सांगितलं. सगळं, जसंच्या तसं.
आईनं एक तांब्या घरासाठी बाजूला काढला
आणि रांजणावरचं झाकण उचलून
भिंतीला टेकवून ठेवलं.

भाषण तसंच राहिलं.
दिवसभर मात्र मला एक गुरुवार आठवत राहिला,
मी वीस मिनिटं उशिरा आलो होतो तो.
पोरांनीच कुलूप काढलं, झाडलं, प्रार्थना म्हटली,
आणि मला पाहून पहिलीतलं एक शेंबडं पोर म्हणालं,
"सर, तुमची एसटी चुकली?"
मी मान हलवली होती.
मान हलवणं खोटं लिहिण्यात मोडतं का,
नियमात तसं काही नव्हतं.

बुधवारी मी साडेनऊलाच पोचलो.
फळ्यावर लिहिलं:
त्या गुरुवारी सरांची एसटी चुकली नव्हती.
सर झोपले होते.

पहिलीच्या पोरांना नुकतंच वाचता यायला लागलेलं.
त्यांनी ते एकेक अक्षर सोडवून,
बोट लावून, घसा ताणून वाचलं.
स-र. झो-प-ले. हो-ते.
पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत गेलं ते.
कुणी हसलं नाही असं नाही.

आता एप्रिल. चौथीची पोरं जूनमध्ये
मोठ्या गावच्या शाळेत जातील.
काल शाळा सुटल्यावर टाकीशी दोघी दिसल्या,
सत्वशीला आणि तिसरीतली तरन्नुम.
"उजवीकडं फिरव. अजून थोडं.
बंद झाली वाटलं तरी जायचं नाही लगेच.
खाली हात धर. धरला?
आता मनात वीसपर्यंत मोज."